पांढरी पाच आणि काळी चारच्या फटीत

सेलूत मोंढ्याच्या पाठीमागं, चक्कीच्या वरच्या खोलीत
आम्ही ती कॅसेट भरली.
भिंतींना गाद्या लावलेल्या,
केरबाच्या बहिणीच्या लग्नातल्या, सकाळी परत द्यायच्या.
रेकॉर्डर माजलगावहून भाड्यानं.
रऊफ गायला. ढोलकीला लिंबाजी,
झांज आणि कोरस केरबाकडं,
बँजोवर मी.
खाली ज्वारी दळायला लागलेली.
थांबा म्हणलं तर चक्कीवाला म्हणाला,
तुमच्या गाण्यानं गावाची भाकर होती का?

'सायकल पुलावर थांबली गं' सुरू झालं
आणि चक्कीनं सगळ्या गल्लीचा करंट ओढून घेतला.
बल्ब लाल झाला. टेपची चाकं जड झाली,
कुणाच्या ध्यानात आलं नाही.
संथ भरलेलं वाजताना धावतं.
पांढरी पाचमध्ये गायलेलं गाणं
कॅसेटात थोडं वर चढून बसलं,
काळी चारपर्यंत काही पोचलं नाही.
मधेच राहिलं,
पेटीवर जिथं पट्टीच नसते तिथं.

आणि तिथंच ते पाथरीला, जिंतूरला, मानवतला पाठ झालं.
वरातीतली पोरं त्याच फटीतून ओरडायची.
मग आम्हीही तिथंच वाजवायला लागलो,
तारा अर्धा पीळ जास्त आवळून,
आमचीच नक्कल करत.

पार्टी मोडली ती अॅम्प्लीवरून.
मोठं काही कारण असतं तर सांगितलं असतं.

आता रऊफनं ते पुन्हा भरलंय,
नांदेडला, एकट्यानं,
काचेच्या खोलीत कानाला डबडी लावून.
संगणकावरच्या पोरानं सूर काळी चारला नेऊन ठेवला.
स्वच्छ झालंय. आवाजही अजून चांगलाय त्याचा, खोटं नाही.
माझा बँजो कीबोर्डातून काढलाय,
नखी कुठं लागत नाही असा बँजो.

शेवटच्या कडव्यात आमची नावं होती:
रऊफ, केरबा, लिंबा, मुंजा उभे पुलाच्या काठी.
आता तो म्हणतो,
रऊफ, रऊफ, रऊफ उभा.
मात्रा भरायला तीनदा स्वतःला हाका माराव्या लागल्या
बिचाऱ्याला.

केरबा सोनपेठच्या पोरांबरोबर गातो.
त्यानं ते परत खाली, पांढरी पाचला उतरवलं,
मूळ तिथलंच होतं म्हणतो, आणि ते खरंय.
कडव्यात त्या पोरांची नावं बसवली.
एक विश्वंभर आहे, तो काही केल्या बसत नाही,
दर वेळी ताल त्याच्यासाठी एक पाऊल थांबतो.

दोन्ही घेऊन मी लिंबाजीकडं गेलो.
नाक्यावर पंक्चरचं दुकान.
ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा हुडकत हुडकत
त्यानं दोन्ही ऐकली, मान न उचलता.
मला वाटलं नावाचं विचारील.
"चक्की कुठं गेली रे?" म्हणाला.

चक्की.
तीस वर्षं मी तिला खरखर समजत होतो.

तर मग मीही भरलं, कशाला लपवू.
रात्री, स्वयंपाकघरात, मोबाइल डब्यावर टेकवून.
तारा ओढत ओढत त्या फटीत आणल्या.
बायकोला म्हणलं, मिक्सर चालू कर.
"काय दळू?"
काहीपण.
"रिकामा जळंल," म्हणाली, आणि मूठभर शेंगदाणे टाकले.

वाजवलं. चुकलो दोन ठिकाणी,
पूर्वी चुकायचो तिथंच.
नावांची जागा आली. मला गळा नाही,
चौघांना चार टोले दिले,
रऊफलाही दिला.

नंतर अंधारात पडून ऐकलं.
शेंगदाण्याचा कूट झाला होता,
सायकल पुलावर थांबली होती,
आणि चारांतला माझा टोला
जरा लांबला होता.