सीम

माझा नंबर बारा गावांच्या भिंतींवर हाये.
कोठी गेरूनं, कोठी निळीनं,
बोरगावात तर संडासाच्या दारावर.
उकंडा मेटकर, मोटार वायंडिंग. खाली दहा आकडे.
एका भिंतीवर पावसानं तीनाचा दोन केला;
तिथले लोक नागपूरच्या कोण्या वकिलाले लावतात
अन् तो भला माणूस मले निरोप देते:
मेटकर, कोणाची तरी पाच एचपीची जळली म्हणतात.

आता सांगा, हा नंबर मी बदलू कसा?

तिवरखेड्यात रेंज येत नाई, बसते.
एका कंपनीची टाकीच्या तिसऱ्या पायरीवर,
दुसरीची शाळेमागच्या हापशीपाशी,
अन् तिसरीची मसनवटीच्या टिनाखाली,
तिथी चारही दांड्या, दिवसरात्र.
गावात आता आळ्या राहिल्या नाईत.
टाकीवाले, हापशीवाले, मसनवटीवाले.
मी सतरा वर्षांचा टाकीवाला.

मंग आमच्या टॉवरचं डिझेल संपलं.
मंग त्याच्या बॅटऱ्या चोरीले गेल्या.
कंपनी म्हणे, तुमच्या गावाहून एकही तक्रार नाई.
तक्रार फोनवर करा लागते.

मोनालीनं अमरावतीहून फोन पाठवला,
तिच्या सायबानं परदेशातून आणलेला, वापरून सोडलेला.
वायंडिंगची सुई घेऊन मी त्याच्या चारही कडा चाचपल्या.
सिम टाकाले भोकच नाई.
"बाबा, ई-सिम हाये. आतच असते, दिसत नाई."
माये, सव्वीस वर्षं मी मोटारी खोलून राहिलो,
आत जे असते ते दिसते,
अन् जळलं असन तर वासानंच समजते.

टाकीवर चढून, हात उंच करून,
पोर्टचा मेसेज सोडला.
सतरा वर्षांत जिनं कधी हाल पुसले नाई
ती कंपनी दुसऱ्या दिवशी गोड आवाजात आली:
सर, आपण आम्हाला का सोडून जात आहात?
म्हटलं, रेंज नाई बाई.
सर, आपल्या भागात आमची रेंज उत्तम
एवढंच ऐकू आलं.

नव्या कंपनीनं चौकोनी ठिपक्यांचं चित्र पाठवलं,
ह्या फोननं त्याचा फोटो काढा म्हणे,
अन् चित्र आलं ह्याच फोनात.
मोनालीनं तिकडून काही खटपट केली,
तर आता ओटीपी पाहिजे.
ओटीपी जुन्या सिमवर.
जुनं सिम पहाटे चारले बंद पडलेलं.

पंपाचंही असंच असते, मले मान्य हाये.
पाणी वढाले पंप, अन् पंपात आधी पाणी.
पण तिथी मी बकेटीनं भरतो.
इथी बकेट कोणाजवळ हाये?

पाच दिवस मी बारा गावांच्या भिंतींवर मेलेलो होतो.

सहाव्या दिवशी टिनाखाली गेलो.
बाकावर शेषराव चिंचोळकर.
धुऱ्यावरून नऊ वर्षं बोलणं नाई;
हातभर जमीन त्याच्याकडे गेली का माझ्याकडे,
मोजणीवाल्यालेही सांगता आलं नाई.
माय माझी गावाच्या कडेले सीम म्हणे.
सीम ओलांडून रातचं जाऊ नको म्हणे.

त्यानं दुपट्टा उचलला, जागा केली.
माझ्याकडे न पाहता बोलला,
"ह्या कोपऱ्यात धर. तिकडे तुटते."

धरला. काही नाई.
मंग फोन एकदम गरम झाला
अन् वाजला.

"मेटकर! होता कुठे हो तुम्ही?
पाच दिवसांत सहा मोटारी जळल्या. यादी केली आहे. घ्या लिहून."
खिशात पेन नाई.
शेषराव उठला, वाकला,
कालच्या राखेतून एक कोळसा उचलून
माझ्या हातावर ठेवला,
अन् टिनाच्या पांढऱ्या भिंतीकडे बोट केलं.