आठ मिनिटांची सोय

करिबाचं पाणी खाली गेलं की
लुसाकातले दिवे जातात,
हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे.
कुठल्या वस्तीत, किती वाजता,
त्याचा कागद नामुकोलोनं भिंतीला चिकटवलाय.
वीज तो कागद वाचत नाही.

ती अंत्यविधीच्या पुस्तिका छापते.
वर हसरा फोटो, आत प्रार्थना आणि गीतं,
शेवटच्या पानावर मुलं, सुना, नातवंडं.
एखादं नाव राहिलं तर कबरीपाशीच भांडण.
मजकूर येतो शुक्रवारी रात्री,
माती असते शनिवारी सकाळी.

मागे तिनं बाजारातून एक बॅकअप आणला होता.
काळा, बुटका, स्वस्त.
खोक्यावर ठसठशीत आकडा: साडेसहाशे.
साडेसहाशे काय, ते तिनं विचारलं नाही.

वीज गेली. बॅकअपनं टक् केलं,
हिरवा दिवा लावला, पिपाणीसुद्धा वाजवली,
आणि संगणक जागच्या जागी मेला,
मिस्टर सिकोटांच्या सतरा नातवंडांसकट.

दोघंही धडधाकट. दोघांची वॉरंटी शाबूत.
एकेकटे गुणाचे,
एकत्र आले की पाठीला पाठ,
आपल्या छत्तीसात तीन आणि सहा उभे असतात तसे.

हामूंगाच्या दुकानात
आधी यंत्र दाखवत नाहीत.
"संगणकाच्या मागचा डबा पाहिलायस का? ज्यात वायर जाते तो?"
तिनं फोनमधला फोटो पुढे केला.
चष्मा कपाळावर चढवून त्यानं तो वाचला,
मग काउंटरच्या धुळीत बोटानं एक लाट काढली,
गोल, चढती, उतरती.
"ही भिंतीतली वीज."
खाली दुसरी, पायऱ्यापायऱ्यांची.
"ही तुझ्या स्वस्त डब्यातली.
बल्ब चढतो ह्या पायऱ्या.
पंखा कुरकुरत चढतो.
तुझ्या संगणकाचा सप्लाय नव्या वळणाचा,
पायरी दिसली की तोंडच मिटतो.
त्याला पहिलीसारखी लाट देणाराच हवा."

"आणि ते साडेसहाशे?"
"ते व्हीए, बाई. तू वॅट बघ.
बारीक अक्षरात, तळाशी,
खरं जिथे लिहितात तिथे."

पाकिटाच्या मागे बेरीज झाली.
संगणक, पडदा, थोडी शिल्लक.
प्रिंटर त्यानं खोडला:
"हा तापायला बसला की एका घासात सगळं गिळतो.
ह्याला वीज येईपर्यंत उपाशी ठेव."

"मग चालेल किती वेळ?"
"आठ मिनिटं. बॅटरी नवी आहे तोवर."

तिला वाटलं, थट्टा करतोय.
वीज जाते ती नऊ-नऊ तास,
आणि ह्याची किंमत दोन महिन्यांच्या भाड्याएवढी!
"आठ मिनिटांत काम होत नाही,"
पावती फाडत तो म्हणाला,
"आवरता येतं."

शुक्रवार.
टक्.
पंखा थांबला, शेजारचा रेडिओ थांबला,
पडदा पापणीही न हलवता तसाच.
तिनं धाकट्या सुनेचं नाव दुरुस्त केलं,
पान जतन केलं, पेनड्राइव्हवर एक प्रत घेतली.
सहा मिनिटं गेली.
दर तिसऱ्या पुस्तिकेत तिला एक शब्द टाइप करावा लागतो:
अचानक.
आजही तो होता, पहिल्याच ओळीत.
उरलेल्या वेळात ती त्याच्याकडे बघत बसली.
मग संगणक तिनं स्वतःच्या हातानं बंद केला.

तो जुना बुटका डबा
आता बहिणीच्या मुलाकडे असतो.
एक दिवा, एक राऊटर, एवढाच त्याचा संसार,
आणि तिथे त्याचं उत्तम जमलंय.
वीज गेली की तो थोड्या थोड्या वेळानं पिपाणी वाजवतो,
आणि लुबासी
भूगोलाच्या पुस्तकातून मान न काढता म्हणतो,
"ऐकलं रे, ऐकलं."