उष्टं

शालिकच्या मानेत बोराएवढी गाठ लागली
तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.
"कलमाले फुटवा आला, बाई," म्हणाला.
एकोणीस वर्षं वाडीच्या नर्सरीत
जंभेरीवर संत्र्याचा डोळा बांधतो माझा भाऊ.
खुंटाचा फुटवा वेळीच खुडावा लागतो,
नाहीतर तोच झाड होऊन बसतो.

धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून
मूत्रपिंड काढलं. माझं. डावं.
सहा वर्षं झाली त्याच्या पोटात,
तरी मी माझंच म्हणते.
हे टिकावं म्हणून रोज नऊला अन् नऊला जी गोळी,
तिनं पहारेकरी निजवले, त्या म्हणाल्या,
अन् निजलेल्या घरात रक्तातल्याच पेशी माजल्या.
लिम्फोमा.
शब्द इतका हळू, की बाहेर
कूलरमध्ये पाणी ओतणाऱ्या पोरानं ऐकू नये.

कुठून आलं, हे मीच विचारलं.
एक विषाणू असतो. बहुतेकांच्या अंगात निपचित.
लाळेतून येतो लहानपणी, कळतही नाही.
तुमच्यात होता, यांच्यात नव्हता.
मूत्रपिंडासोबत गेला असावा.
असावा, त्या परत म्हणाल्या,
माझ्या हातातल्या पदराकडे बघून.

रहाटे कॉलनीच्या सिग्नलला ऑटो थांबला
अन् मला आठवलं, शालिकला उष्ट्याची किळस.
माझ्या दातानं फोडलेली कैरी,
माझ्या ताटातली भाकर,
तो तोंडच फिरवायचा.
आई म्हणायची, साहेब जन्मले आमच्या घरी.
एक घास खाल्ला असतास रे,
तुझ्या रक्तानं तेव्हाच ओळखून ठेवलं असतं.

आता गोळी अर्धी.
गाठ विरावी म्हणून पहारेकरी उठवायचे,
अन् उठल्यावर ते आधी कोणाला धरतील,
गाठीला की मला,
हे कोणी सांगत नाही.
दर सोमवारी रक्त. क्रिएटिनिन एक पॉइंट सहा.
मग एक पॉइंट नऊ.
माझाच निकाल लागावा तशी मी बोट ठेवून वाचते.

काल त्यानं मृग बहाराचं शेवटचं संत्रं सोललं.
मी एक फोड अर्धी चावली, बी आहे का बघायला.
त्यानं हात पुढे केला.
"दे ना. आता काय होते."

मी मूठ मिटली.
रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला.
नऊ वाजले होते.
तो उठला, अन् सुरीनं
गोळीचे दोन तुकडे करू लागला,
डोळा काढावा तसे, अगदी जपून.