रिकामी ओळ

पहाटे पाचला, सोरु बंदराच्या कचेरीत
आर्ने लेपिक एक दार ठोठावतो.
पत्ता बरोबर, पोर्ट ऐंशी.
पलीकडे कुणी कडी काढली, हे त्याला कळतं
ते केवळ एरर आली नाही म्हणून.

हियुमा बेटावर फेब्रुवारी. समुद्राचा दगड झालाय.
फेरी सुटणार की नाही
ते टाल्लिनच्या एका सर्व्हरवर, एका पानावर लिहिलंय.
ते पान त्याला हवंय, ब्राउझरशिवाय, उघड्या सॉकेटमधून,
धक्क्यावरच्या चार ओळींच्या पाटीसाठी.

तो लिहितो: दे.
लिहितो: कुठलं पान, कुठल्या यजमानाचं.
आणि थांबतो.

पलीकडचाही थांबतो.

एकाच तारेची दोन टोकं धरून दोघं ताटकळतात,
ज्याला त्याला वाटतं, समोरच्याचं बोलणं अजून व्हायचंय.
(असा एक संसार त्याने अकरा वर्षं केला.)
साठ सेकंदांनी पलीकडचा दार लावून घेतो.
हा पुन्हा ठोठावतो. नऊ वेळा.

सातला माल्ले पाळीवर येते, बूट झटकत विचारते,
‘तुझं बोलून झालं, हे सांगितलंस का त्याला?’

तीस वर्षं रेडिओवर बसलेला माणूस हा.
कोळ्यांना दटावायचा:
ओव्हर म्हणा रे, नाहीतर मी बोलू कधी?

तो एक ओळ टाकतो, जिच्यात काहीही नाही.
बफरात अडलेलं सगळं ढकलून देतो.

आणि येतं.
सलग नाही, घासाघासाने:
आधी दोनशे, म्हणजे ठीक,
मग तारीख, लांबी, कसलं पान,
मग त्याचीही एक रिकामी ओळ,
आणि मग पान.
गावाच्या नावातला तो डोक्यावर लाट घेतलेला ओ
दोन बाइटांचा;
एक या घासात आला, दुसरा पुढच्यात,
मधोमध मोडला जोडाक्षरासारखा.

मग वाचायला जावं तर शून्य.
हे शून्य बिघाडाचं नव्हे.
त्याचं सांगून झालं, इतकंच.

पाटी उजळते:
स??रु ८:३० रद्द.

‘अक्षर फुटलंय,’ माल्ले म्हणते.
‘आधी तुकडे जोडायचे, मग वाचायचं.’
‘जोडतो,’ तो म्हणतो, पण उठत नाही,
काचेवरचं धुकं बाहीने पुसतो.

खाली विर्वे, अंड्यांचे दोन क्रेट घेऊन,
पाटी वाचते,
त्या प्रश्नचिन्हांपाशी जराही न अडखळता,
आणि गाडीकडे वळते.