बुशिंगचे बुधवार

पहिल्या बुधवारी एकही रिक्षावाला उद्यमनगरातनं तिला न्यायला तयार होईना.
शेवटी लेथवरच्या दस्तगीरनं हातगाडी काढली,
खाली बारदान, वर बुशिंग.
हे नाव आमच्या शॉपनं ठेवलेलं,
कुठल्याही फटीत फिट बसते म्हणून.

शेपटाखाली महिनाभर रक्त ठिबकत होतं.
माजावर आलीया, म्हणाले सगळे.
मीही म्हणालो.

मगदूम डॉक्टरीणबाईंनी मोजा चढवून
फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी दाखवलं, लालभडक.
म्हणाल्या, ही गाठ हिची नव्हेच.
हजारो वर्षांमागं कुठलंतरी एक कुत्रं होतं,
त्याच्याच पेशी या, अजून जगताहेत,
संगाच्या वेळी एकाच्या अंगावरनं दुसऱ्याच्या अंगावर उतरत.
म्हणजे ते मेलंच न्हाई व्हय?
बाई शीर शोधत होत्या. बोलल्या नाहीत.

औषध सदाफुलीतनं निघतं म्हणे.
सदाफुली!
शॉपमागं लोखंडी किसाच्या ढिगात
कुणी पाणी न घालता फुलते, तीच?
"पाला वाटून पाजू नका हां,"
माझा चेहरा वाचून बाईंनी दरडावलं.

थेंब शिरेबाहेर गेला तर मांस जळतं,
म्हणून पाय मी धरायचो,
मायक्रोमीटर धरतो तसा,
आवळून नाही, ढिला नाही.

दुसऱ्या बुधवारी रक्त थांबलं.
तिसऱ्या बुधवारी पांढऱ्या पेशी घसरलेल्या.
आज सुई नाही, पुढच्या आठवड्याला या.
परत येताना तिनं हातगाडीतच ओकारी काढली
आणि दस्तगीरनं आपल्या टॉवेलानं पुसली,
तोच टॉवेल, ज्याला आम्हाला हात लावू देत नाही.
मग लिंबाएवढी. मग हरभऱ्याएवढी.
शेवटच्या खेपेला बाई म्हणाल्या, तुम्हीच बघा.
मी वाकून बघितलं.
काहीच नव्हतं तिथं.

फोरमन आवटी म्हणाला, कुत्र्यापायी एवढे खाडे?
आणि खिशातनं दोनशे काढून दिले.

आता रात्रपाळीत ती मिलिंग मशीनखाली झोपते.
मी जॉब लावून उभा असतो आणि
डोक्यात ते दुसरंच येतं,
ते पहिलं कुत्रं.
रंग कसला असेल त्याचा?
कुणी हाक मारत असेल का, आणि कुठल्या नावानं?
हिच्या अंगातनं तर त्याला आपण घालवलं,
सहा आठवड्यांत, फुलाच्या रसानं.

पण चहाच्या गाड्यामागं एक पिवळा हिंडतोय परवापासनं,
बसतो, मागं वळून चाटतो,
उठतो, परत बसतो.

उद्या बुधवार.
हातगाडीचं एक चाक पंक्चर आहे.