इतिवृत्त

टेबलाभोवती खुर्च्या पाच, सहावी भिंतीला टेकवलेली.
त्या सहावीत ती बसली, कोट न काढता.
माझं काम फक्त लिहिणं :
तारीख, हजर कोण, ठरलं काय.
अकरा वर्षं मी ठरलेलं लिहीत आलेय
क्लाक्सविकच्या या दवाखान्यात,
जिथून बंदर दिसतं
आणि बंदराला आम्ही दिसत नाही.

डॉक्टर हानुस वाचत होते, सावकाश, चांगल्या मनानं :
रुग्णाने दर मंगळवारी दहा वाजता यावे.
रुग्णाने रात्री अकरापूर्वी झोपावे.
रुग्णाने मनात येईल ते आईजवळ बोलावे.
आईनं मान हलवली,
शाळेच्या बाईंनी हलवली,
मीही हलवली असेन, सवयीनं.

"मंगळवारी वारा असतो."

बाहीच्या आत बोलल्यासारखा आवाज.
कुणीतरी हसलं. हानुस हसले नाहीत.
(ही नोंद तेव्हा केली नव्हती, आता करते.)

"कालसोयची बोट म्हणतेय मी.
वारा पडला नाही तर ती सुटत नाही.
मागच्या हिवाळ्यात चार मंगळवार
मी धक्क्यावर उभी होते, पिशवीत डबा घेऊन.
तुमच्या कागदावर चारदा 'गैरहजर' आहे."

होतं.
माझ्याच अक्षरात.

हानुसनी कागद तिच्याकडे सरकवला.
हात पोचेना, म्हणून मग खुर्ची सरकली,
फरशीवर तिचा तो कर्कश आवाज
सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला.
"खोडलं तर चालेल?"
तिनं 'रुग्णाने' खोडलं. वर लिहिलं : रान्वा.
दुसऱ्या ओळीत तेच. तिसरीपाशी थांबली.

"आईजवळ नाही.
आई रडते, मग मी तिची समजूत काढते,
मग माझं राहूनच जातं.
तुम्मस मामाजवळ चालेल.
तो काही विचारत नाही,
मेंढी धरायला लावतो, लोकर कातरतो,
आणि तिसऱ्या मेंढीपर्यंत मी बोललेली असते."

आईनं पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

झोपेचं म्हणाल तर, म्हणाली,
जूनमध्ये अंधारच नाही नि डिसेंबरात उजेड नाही,
अकरा म्हणजे नक्की काय?
आणि सकाळची गोळी घेतली
की जीभ ओल्या लोकरीची होते,
वर्गात उत्तर येत असतं, तोंडातून निघत नाही.
ती रात्री घेतली तर?
हानुस म्हणाले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
"कुणी विचारलं नव्हतं."

सगळंच तिच्या मनासारखं झालं असं नाही.
पुन्हा जेवण सोडलंस तर मी हेलिकॉप्टर बोलावणार,
हानुस म्हणाले, ही ओळ खोडू देणार नाही.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
हीटर तेवढा कुरकुरत राहिला.
"मग बोलावण्याआधी मला सांगा.
आईच्याही आधी."
त्यांनी विचार केला. पेनचं टोपण काढलं.
लिहिलं.

मी नेहमीसारखी ओळ घातली : 'असे ठरले.'
ती खांद्यावरून वाचत होती.
"कुणी ठरवलं ते पण लिहा ना."
अकरा वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.
लिहिलं, नावानिशी, तिचं पहिलं.
पुढची बैठक : बोट सुटेल त्या दिवशी.

संध्याकाळी सफाई करणाऱ्यानं
सहावी खुर्ची पुन्हा भिंतीला लावली.
त्याची काय चूक, ती तिथेच असते.

तीन आठवड्यांनी, मंगळवार, दहाला पाच कमी,
खिडकीच्या काचा थरथरत होत्या,
माझ्या टेबलावरचा फोन वाजला.
मागे नुसता वारा, आणि वाऱ्यात ती :
"हजर लिहा.
धक्क्यावर."

रकान्यात एवढी जागा नव्हती.
समासात लिहिलं.