आठशे तीन सीसी

पुस्तकात लिहिलं होतं:
ऑस्टिन ए-तीस, अठ्ठावीस घोडे.
मॉरिस मायनर, तीस.
या दोन घोड्यांवरून
अप्पा आणि हलकुडे डॉक्टर सात वर्षं भांडले.

अप्पा गिरणीत टाइमकीपर.
विणकाम खात्यातला साहेब बोटीनं मायदेशी निघाला तेव्हा
जाता जाता ऑस्टिन अप्पांच्या गळ्यात मारून गेला.
करडी, उकडलेल्या बटाट्यासारखी,
अंगानं इतकी अरुंद
की साखर पेठेच्या बोळातून कोपर बाहेर काढूनही निघायची.
आई म्हणाली, तेवढ्यात दोन खोल्या झाल्या असत्या.
तेलुगूत म्हणाली,
म्हणजे फार मनातून.

डॉक्टरांची मॉरिस हिरवी.
स्टिअरिंग बोटभर फिरवलं की बोटभर वळे.
आमची आधी विचार करी, मग वळे.
मॉरिसला चारी चाकांना तेलाचे ब्रेक,
आमच्या मागच्या दोघांना नुसत्या सळया.
हे अप्पा सांगत नसत.
अप्पा वजन सांगत:
"पाऊण क्विंटलानं जड आहे तुमची, डॉक्टर.
रोज एक पेशंट फुकट वाहताय."

शेवटी मे महिन्यातला एक रविवार. होटगी रस्ता.
साठ मैलांचा वेग गाठायला
पुस्तकात ऑस्टिनला बेचाळीस सेकंद, मॉरिसला बावन्न.
पण साठ गाठण्याइतका मोकळा रस्ता
म्हशींनी सोलापुरात कुणालाच दिला नव्हता.
म्हणून ठरलं, जकात नाक्यापासून
वाकड्या लिंबापर्यंत. मैलभर.
मी अकरा वर्षांची, दोन्ही वेळा मागच्या सीटवर,
हातात गिरणीचं स्टॉपवॉच.

डॉक्टर आधी.
मॉरिसचा पंप विजेचा. चावी फिरवली की
टिक टिक टिक, मग सावकाश, मग गप्प,
पोट भरलेल्या माणसासारखा.
एक मिनिट एकोणीस.

आमचा पंप इंजिनालाच चिकटलेला.
चव्वेचाळीस डिग्रीत पेट्रोल नळीतच उकळायचं.
हे पुस्तकात नव्हतं.
पुस्तक लिहिणाऱ्यानं इथला मे पाहिला नव्हता.
दस्तगीर मिस्त्रीनं पंपाला ओला टॉवेल गुंडाळला,
आमच्याच गिरणीचा,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

सुटली. छान सुटली.
पुलाच्या पुढं एक आचका.
मग दुसरा.
मला अप्पांची मान दिसत होती,
घामेजलेली, तिला चिकटलेला सुताचा एक तंतू,
रविवारीसुद्धा.
लिंब अजून लांब होता.
मी बटण दाबलं.

"एक मिनिट सतरा," मी म्हणाले.

दोन मिनिटं उशिरा येणाऱ्याचा
अर्धा दिवस कापणारा माणूस
घड्याळाकडे बघत राहिला.
मग माझ्याकडे.
मग खिशातून वही काढून
काहीतरी लिहिलं आणि मिटली.

डॉक्टर हरल्याचे पाच रुपये मोजत होते.
दस्तगीरनं दोन्ही बॉनेट उघडले, शेजारी शेजारी,
आणि हसत सुटला.
"कशाला भांडालाव मालक?
आत बगा की. एकच इंजिन हाय दोघीत.
आठशे तीन.
कंपन्यांनी तिकडं कवाच सोयरीक केली,
तुमालाच पत्रिका न्हाई आली."

अप्पांनी पाच रुपये घेतले नाहीत.
त्याच्या शेंगा घेतल्या, भाजलेल्या,
आणि टरफलं सगळी ऑस्टिनच्या टपावर.
त्यानंतर वजनाचा विषय त्यांनी काढला नाही.

ती वही आता माझ्याकडे आहे.
त्या रविवारच्या पानावर, हजेरीपटाच्या अक्षरात,
मॉरिस, एक एकोणीस.
खाली ऑस्टिन.
समोर वेळ नाही.
लाल पेन्सिलीनं एवढंच:
गैरहजर.